गौरीच्या जेवणाचा मसाला

अनुपमाचा फोन आला तेव्हा दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. इतकं नेमकं आठवतं, कारण पुढचे दोन तास मी दर दोन मिनिटांनी घड्याळच बघत होते.

"बेव्हर्लीताई, बरणी गेली," ती हळू आवाजात म्हणाली. मॉलमध्ये हाउसकीपिंगला असते ती, ड्युटीवर फोन करायला बंदी आहे. "आत्ता सासूबाईंचा फोन आला. मुलुंडला घेऊन गेल्यात, दिरांकडे. आज गौरीचं मटण आहे ना. त्याला तुमचाच मसाला पाहिजे म्हणाल्या."

"आणि डबी?"

"आतच आहे."

मी खुर्चीवरून उठले ते पुन्हा बसलेच नाही.

मसाल्याच्या एका बरणीसाठी एवढा जीव का टाकायचा, असं कुणालाही वाटेल. तर सांगते. मरोळच्या गावठाणात इसिडोर अंकलच्या घराच्या खालच्या मजल्यावर आमची संस्था आहे. 'शेजार' हे नाव, पाटीवर दुसरं काही लिहिलेलं नाही. आम्ही चार माणसं. ज्या घरांत एचआयव्ही शिरलाय त्या घरांत आम्ही जातो. औषध आणून देतो, डॉक्टरकडे सोबत जातो, घरच्यांना समजावून सांगतो. जिथे समजावून सांगण्यात अर्थ नाही तिथे दुसरं काहीतरी सोंग घेऊन जातो. मर्विन, आमचा मुख्य, विम्याचा एजंट होऊन जातो. त्याला बघून लोक दारच लावून घेतात. मला मात्र सगळे आत बोलावतात, कारण मी मसाला विकते.

यात खोटं काही नाही. आमचा, मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती ईस्ट इंडियन लोकांचा, बॉटल मसाला मी दर मे महिन्यात गच्चीवर उन्हात वाळवून, भाजून, कुटून घेते. माझी आई तो बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरायची, म्हणून ते नाव. मी रुंद तोंडाच्या बरण्या वापरते. महिन्याच्या तीस गोळ्यांची डबी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून बरणीच्या तळाशी ठेवायची आणि वरून काठोकाठ मसाला. चार वर्षं ही युक्ती बिनबोभाट चालली. मर्विन म्हणायचा, अगं हे कधीतरी अंगाशी येईल. मी म्हणायचे, तू तुझा विमा सांभाळ.

अंगाशी आलंच. मसाला इतका चवदार करायला नको होता, पण एवढीच माझी चूक नव्हती. डबीवरचं लेबल मी नेहमी खरवडून काढते. परवा एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी सेंटरमधून डबी घेऊन परतायला उशीर झाला, चर्चमध्ये सहाच्या मिसाला जायचं होतं, मोत माऊलीचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चालू होती. म्हटलं, एका वेळी काय होतंय. तशीच डबी घातली. निळ्या पट्ट्याचं लेबल, त्यावर औषधाचं नाव आणि सेंटरचा शिक्का. काल अनुपमा कामावर होती म्हणून बरणी सासूच्या हातात दिली. रात्री घरात भजनाची मंडळी बसली, अनुपमाला ती उघडताच आली नाही. सकाळी सहाला ती ड्युटीवर गेली आणि आठ वाजता रुक्मिणीमावशी नातीला आणि बरणीला घेऊन निघाल्या.

"लेबल काढलंयस ना?" मर्विनने विचारलं.

मी पिशवी उचलली.

"वाट लागली," तो म्हणाला. मग रॅकवरून मसाल्याची दुसरी बरणी काढून माझ्या पिशवीत टाकली. "जा. सांग की चुकून खराब माल गेला. कीड लागलीय म्हण."

"माझ्या मसाल्याला आजपर्यंत कीड लागलेली नाही."

"आज लागली. जा तू."

रिक्षा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने निघाली. पवईपर्यंत ठीक चाललं, पुढे गांधीनगरला गाड्या जागच्या हलेनात. सणाचा दिवस, जो तो कुणाकडे तरी जेवायला निघालेला. कोकणातल्या बऱ्याच घरांत गौरीला मटण-वड्यांचा नैवेद्य असतो, तो एक वाजता. म्हणजे मटणात मसाला साडेअकरा-बाराला पडणार. मूठभर पडला तर डबी खालीच राहील. पण गौरीच्या जेवणाला पंधरावीस पानं असतात. बरणी रिकामी होणार आणि भर स्वयंपाकघरात डबी बाहेर येणार. माझी पाचावर धारण बसली होती.

अनुपमाची फाइल मला पाठ आहे. नवरा निलेश तीन वर्षांपूर्वी गेला. घरच्यांच्या लेखी टीबीने. त्याच्या गोळ्या टीबीच्या म्हणून लेबलासकट उघड्यावरच असायच्या. त्याच्या फाइलमध्ये शेवटची ओळ माझ्याच अक्षरात आहे: 'औषध बंद केलं. कारण माहीत नाही.' तो अंथरुणाला खिळला होता, अनुपमा दिवसभर कामावर, आणि कधीतरी त्याने गोळ्या सोडल्या. विचारलं तर म्हणायचा, डॉक्टरने बंद केल्या. डॉक्टरने काही बंद केलं नव्हतं. अनुपमा शेवटपर्यंत त्याच्याशी त्यावरून भांडली. तो राग अजून गेलेला नाही. मुलीसाठी तरी खायच्या होत्या, असं ती मला कितीदा म्हणाली असेल.

मुलगी म्हणजे श्रुतिका, नऊ वर्षांची. तिला काही नाही, तिच्या सगळ्या तपासण्या झाल्यात. पण धाकटा दीर राजेश आणि त्याची बायको स्वरदा यांना मूल नाही, आणि निलेशच्या बाराव्यालाच राजेश बोलून गेला होता की वहिनी माहेरी जाऊ देत, पोरीला आम्ही वाढवतो. भांडुपची खोली सासूच्या नावावर. सासूने त्या वेळी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती डबी त्या घरात दिसली की काय होणार ते मला स्वच्छ दिसत होतं. संध्याकाळपर्यंत अनुपमा रस्त्यावर आणि श्रुतिका मुलुंडला.

बारा वाजून पाच मिनिटांनी मी मुलुंडला त्यांच्या बिल्डिंगखाली उतरले. लिफ्टसाठी थांबले नाही. चार मजले चढून दार वाजवलं तेव्हा दम लागून बोलता येत नव्हतं.

दार राजेशने उघडलं. नवा झब्बा, कपाळाला कुंकू. "कोण पाहिजे?"

"रुक्मिणीमावशी. मी मसालेवाली, भांडुपला देते ना त्यांना."

"मसालेवाल्या मावशी!" श्रुतिका आतून धावत आली. परकर-पोलकं, हातात नव्या बांगड्या. "हे काकीने आणलं," तिने बांगड्या वाजवून दाखवल्या. मी तिच्या गालाला हात लावला आणि तिच्याच मागून स्वयंपाकघरात शिरले.

नात्यातल्या दोघीजणी ओट्याशी वडे थापत होत्या. गॅसवर मोठ्या टोपात मटण रटरटत होतं. रुक्मिणीमावशी पाटावर बसून भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण मिक्सरमधून काढत होत्या. आणि स्वरदाच्या हातात माझी बरणी होती, उघडलेली, एक चतुर्थांश संपलेली.

"बेवली? तू हंय कशी?" मावशींनी विचारलं.

मी येताना पाठ केलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. चुकून जुना माल गेला, कीड लागलेला, देवीच्या नैवेद्यात नको, ही घ्या चांगली बरणी, ती मला परत द्या. स्वतःच्या मसाल्याची बदनामी स्वतःच्या तोंडाने करताना माझे कान गरम झाले होते.

स्वरदाने बरणी खिडकीच्या उजेडाला धरली. बाई नीटनेटकी, डोळे तीक्ष्ण. "कीड कुठे आहे हो, ताई? वास तर झकास येतोय. मी आताच चार चमचे घातले." तिने चमचा आत खुपसला. आतून टक् आवाज झाला. "तळाला काहीतरी लागतंय."

"गठ्ठा झाला असेल," मी म्हणाले. "दमट हवा आहे ना. म्हणूनच सांगते, द्या ती."

"पण दुसरी तरी चांगली कशावरून? त्याच वेळची असणार." ती मुद्द्याचं बोलत होती, हाच माझा त्रास होता. "एक काम करते. दोन्ही चाळून घेते. आई, ती परात इकडे द्या."

हे मर्विनला सुचलं नव्हतं आणि मलाही नाही. कीड म्हटल्यावर कुठलीही मराठी बाई मसाला फेकून देत नाही, चाळते. मी आयुष्यभर बायकांच्या स्वयंपाकघरांत बसलेय, मला हे कळायला हवं होतं. मी बरणीसाठी हात पुढे केला तर स्वरदा हसून म्हणाली, "अहो ताई, एवढं काय, कोण पैसे परत मागतंय तुमच्याकडे?"

"चाळण वरच्या खणात आसा," मावशी म्हणाल्या. "तू काढ ती. बरणी माझ्याकडे दी."

स्वरदाने बरणी त्यांच्या हातात दिली आणि स्टुलावर चढून वरचा खण उघडला. मावशींनी परात मांडीवर घेतली आणि मी काही बोलायच्या आत बरणी पालथी केली. लाल मसाल्याचा ढीग पडला आणि त्याच्यावर डबी. बाहेरची पिशवी फाटली होती, आतली पारदर्शक. निळा पट्टा समोर.

मावशी त्या डबीकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता विचारतील, मोठ्याने विचारतील, ह्या काय आसा. त्यांनी विचारलं नाही. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मग त्यांनी मसाल्यात हात घातला आणि डबी मुठीत झाकली.

"काय पडलं ते?" वरून स्वरदा म्हणाली.

"हिंगाची डबी," मावशी म्हणाल्या. "कीड लागू नये म्हणान काल मीच घातलंय."

"अख्खी डबी? खडा घालतात ना, आई."

"माझ्या हाताक जा लागला ता घातलंय."

स्वरदा चाळण घेऊन खाली उतरली आणि हात पुढे केला. "द्या मग इकडे. थोडा हिंग घालते रश्श्यात, मटण बाधायला नको कुणाला."

मावशींनी मान वर केली. "गौरीच्या मटणात हिंग? ह्या खंय शिकलंस गो तू?"

वडे थापणाऱ्या दोघी फिदीफिदी हसल्या. स्वरदाचं तोंड लाल झालं. "तसं नाही, मी आपलं पचायला म्हणून..." ती पुटपुटली आणि खाली बसून मुकाट्याने मसाला चाळायला लागली. तेवढ्यात मावशींनी डबी कमरेला खोचली आणि वरून पदर घट्ट ओढून घेतला. चाळणीत अर्थातच काही निघालं नाही. "एकसुद्धा कीड नाही," स्वरदा म्हणाली. मी म्हटलं, देवीची कृपा.

नैवेद्य दाखवून होईपर्यंत मी डबीच्या आशेने रेंगाळले, मग निघाले. डबी मावशींच्या कमरेला होती आणि ती मागायला मला तोंड नव्हतं. जिन्याच्या पहिल्या वळणावर मागून हाक आली. "थांब गो बाय. सणाच्या दिवशी रिकाम्या हातान जाव नको."

त्या एकट्याच आल्या होत्या, हातात स्टीलचा डबा. डबा माझ्या हातात दिला आणि पायरीवर टेकल्या. मग कमरेची डबी काढून पदराने पुसली. मसाला जाईना, त्या पुसतच राहिल्या.

"निलेशाकडे अशीच होती. ह्योच निळो पट्टो." मग त्यांनी विचारलं, "आता ही अनुची?"

आमच्याकडे एकच नियम आहे जो कुणी मोडत नाही. कुणाला काय आहे ते तिसऱ्या माणसाला सांगायचं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, सासूला तर नाहीच. ज्याचं त्याने सांगायचं.

"मावशी, मी मसाला विकते," मी म्हणाले.

"तू मसालो इक. पण ऐक." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "तो वकायचो. अन्न पोटात ठरत नव्हता त्याच्या. माका वाटला ह्या गोळीनच होता. आणि शेजारणी येवन इचारी, ही कसली डबी? रोज इचारी. एक दिस सगळा मीच मोरीत ओतलंय. दुसऱ्या म्हयन्याचा पण. त्याका सांगलंय, डॉक्टरान बंद केल्यान."

खालून कुणाच्या तरी घरातून आरतीच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

"त्याने काही विचारलं नाही?"

"नाय. जन्म दिलेली आवस सांगता म्हणजे खराच." त्यांनी पदर तोंडाला लावला. "चार म्हयन्यान गेलो. टीबीची नव्हती ना ती गोळी?"

मला भयंकर राग आला. खोटं कशाला बोलू? त्या क्षणी त्या म्हातारीचे खांदे धरून हलवावेत असं वाटलं. तीन वर्षं एक बायको आपल्या मेलेल्या नवऱ्याशी भांडते आहे, आणि ही शेजारच्या खाटेवर झोपून ते ऐकते आहे. मी फाइलमध्ये लिहिलेलं 'कारण माहीत नाही' समोर पायरीवर बसलं होतं. आणि तीच डबी पुन्हा तिच्याच हातात होती. अनुपमाच्या जुन्या डबीत फक्त आजच्यापुरती एक गोळी उरली होती.

"ती द्या इकडे, मावशी," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

त्यांनी मूठ सोडली नाही. "एक दिस चुकला तर काय होता?"

"चुकवू नये. औषध कुणाचंही असो. रोज, ठरल्या वेळी."

"साडेनवाक," त्या म्हणाल्या. "रोज साडेनवाक ती मोरीकडे जाता, पाठ करून पाणी पिता. माका वाटा, सासवेसमोर पाणी पिवक पण लाजता काय ही."

मग त्यांनी माझा हात ओढून डबी माझ्या तळव्यावर ठेवली आणि माझी बोटं स्वतःच मिटवली. "तूच दी तिका. माझ्याकडे ठेव नको. ह्या हातांचो माका भरवसो नाय."

"तिला काय सांगू?"

"काय सांगा नको. ता मीच सांगतलंय, गणपती गेल्यार."

वरून श्रुतिकाने आजीला हाक मारली. मावशी कठड्याला धरून उठल्या आणि जिना चढून गेल्या. मी तिथेच उभी होते. हातात मटण-वड्यांचा गरम डबा, दुसऱ्या हातात डबी, आणि राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

तीन वाजता अनुपमाची ड्युटी सुटते. मॉलच्या मागच्या गेटवर मी उभी होते. ती बाहेर आली तशी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी पिशवीतून डबी काढून तिच्या पर्समध्ये टाकली.

"कुणी बघितली?"

"तुझ्या सासूने."

तिने पर्सची चेन घट्ट लावली. "मग?"

"सगळ्यांसमोर म्हणाल्या, हिंगाची डबी आहे."

अनुपमा हसली. पहिल्यांदा नुसतीच हसली, मग हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली आणि ती तिथेच पायरीवर बसली. मला म्हणाली, "ताई, मी उगाच घाबरायचे त्यांना." मी तिच्याकडे बघू शकले नाही. तिच्या मांडीवर जेवणाचा डबा ठेवला आणि म्हटलं, जेव आधी, थंड होतंय.

रुक्मिणीमावशींनी शब्द पाळला. गौरी-गणपती विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी अनुपमाचा फोन आला. म्हणाली, "तो खरं बोलत होता, ताई. डॉक्टरने बंद केल्या म्हणायचा ना, त्याला खरंच तसं सांगितलं होतं." मी हो म्हटलं. "शेवटच्या दिवशीसुद्धा मी त्याला खोटारडा म्हणाले," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

फाइलमधली ती ओळ मी खोडली. तिथे काय लिहायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून जागा कोरी आहे.

पुढच्या महिन्यात मी बरणी घेऊन भांडुपला गेले. मर्विन म्हणाला होता, आता कशाला मसाला, सरळ डबी दे. पण शेजारणी अजून त्याच आहेत. दार श्रुतिकाने उघडलं. आजी आत निजली होती, आई कामावर. पोरीने बरणी घेतली आणि मला दारातच हळूच सांगितलं, "आई आजीशी बोलत नाही. केव्हापासून बोलतच नाही. जेवायला वाढते, पण बोलत नाही."

"आणि आजी?"

"आजी पण नाही बोलत. पण रोज साडेनऊ वाजले की ती पाण्याचं भांडं आणून आईच्या पुढे ठेवते. मग आई गोळी खाते, आजीच्या समोरच." श्रुतिकाने बरणी छातीशी धरली होती. "आणि आई पाणी पिऊन रिकामं भांडं खाली ठेवेपर्यंत आजी तिथून हलतच नाही."